किंकाळी खरी होती

भिंगरीला थेटरात गप्प बसवणं तिच्या नवऱ्याला हयातभर जमलं नव्हतं, तिथे लेकीची काय कथा! पडद्यावर निळ्या झग्यातला महावीर आभाळातून खाली कोसळला, रस्त्याला विहिरीएवढा खड्डा पाडून त्यातून उठला, खांद्यावरची धूळ झटकली आणि वर एक विनोदही केला. सगळं थेटर हसलं. भिंगरी मोठ्यानं म्हणाली, “मेल्या, निदान कण्ह तरी!”

पुढच्या रांगेतला माणूस वळला. “आजी, जरा हळू.”

“हळू काय? एवढ्या उंचावरून पडला आणि भांगसुद्धा मोडला नाही त्याचा. मी पलंगावरून उतरते तेव्हा याच्यापेक्षा जास्त आवाज होतो.”

शेजारी लेकीनं कपाळाला हात लावला. हा सिनेमा दाखवायला आईला तिनं हट्टानं आणलं होतं. ते कोसळणं, तो खड्डा, ती उडालेली धूळ, सगळं तिनं आणि तिच्या कंपनीतल्या माणसांनी संगणकापुढे मान मोडून बनवलेलं होतं. धुळीसाठी तर ती कित्येक रविवार घरी आली नव्हती. मनगटाला पट्टा बांधून काम केलं होतं. आणि आई म्हणत होती, कण्ह तरी.

सिनेमा संपला. नावांची यादी सुरू झाली तशी माणसं उठून जाऊ लागली. भिंगरी हलली नाही.

“चल ना आई.”

“तुझं नाव येऊ दे.”

मुंग्यांच्या रांगेसारखी नावं वर सरकत राहिली. ज्यानं चहा आणला त्याचं आलं, ज्यानं गाड्या चालवल्या त्याचं आलं. दिवे लागले, झाडूवाला आत आला, तरी लेकीचं नाव आलं नाही.

“सगळ्यांची नावं घेत नाहीत,” लेक खाली बघत म्हणाली. “आमच्या कंपनीचं आलं की.”

“कंपनीनं उडवली का ती धूळ?”

लेकीनं पर्स उचलली आणि आईला उठवलं. बाहेर पडल्यावर, पायऱ्या उतरताना, तिनं विचारायचं म्हणून विचारलंच, “कसा वाटला?”

“खोटा.”

“सिनेमा आहे तो, खोटाच असणार.”

“आमचाही सिनेमाच होता. पण आम्ही पडायचो तेव्हा पडायचो. बघणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा. तुमचा हा झगेवाला पडतो तेव्हा मला जांभई येते. ज्याला मरणच नाही त्याची काळजी कोण करील?”

“पोटात गोळा यायचा कारण तू खरंच मेली असतीस! त्यात कसला आलाय मोठेपणा? आमच्या सिनेमात कुणाला खरचटलंसुद्धा नाही.”

“तेच तर म्हणतेय मी.”

“आणि मी काय म्हणतेय? स्वतःचा खुबा बघ. आत लोखंड घालून फिरतेस, पाऊल टाकताना ओठ चावतेस, आणि गोडवे कुणाचे गातेस? ज्यांनी तुला मोडलं त्यांचेच!”

भिंगरी थांबली. काठी पायरीवर आपटून म्हणाली, “खुब्याचं नाव काढू नकोस. ती चूक सिनेमाची नव्हती. तुझ्या मामाची होती.”

मामाचं नाव निघालं की त्या घरात बोलणं संपायचं. तसं ते संपलं.

त्या मामाची गोष्ट अशी. भिंगरी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. हिरॉईनच्या जागी उड्या मारायला ती उभी राहायची, आणि हवेत असताना अंगाला असा काही पीळ द्यायची की कॅमेऱ्याला तिचा चेहरा कधी दिसायचाच नाही. नुसती साडी, केस आणि वेग. म्हणून भिंगरी. आणि ती जिथे पडायची तिथे खाली खोकी रचायचा तिचा थोरला भाऊ. पुठ्ठ्याची रिकामी खोकी एकावर एक, त्यांच्यावर गाद्या, गाद्यांवर ताडपत्री. वरून माणूस पडला की खोकी चेपतात आणि माणूस वाचतो. ऐकायला सोपं. पण कुठलं खोकं कुठे, किती घट्ट, याच्यावर जीव टांगलेला. दादा खोकी रचून झाली की आधी स्वतः उडी टाकून बघायचा, मगच वर बघून हात हलवायचा. तो हात हलला की भिंगरी डोळे मिटून झेप घ्यायची. आईच्या पदराखाली जावं तशी.

मग तो मोठा पिक्चर आला. पेटलेल्या गोदामाच्या वरच्या मजल्यावरून हिरॉईन तान्ह्या मुलाला छातीशी धरून उडी मारते, असा प्रसंग. मूल कापडाचं, आग खरी, भिंगरी खरी. दादानं हात हलवला, तिनं उडी घेतली आणि डावीकडे खोकी नव्हतीच. ती निम्मी गादीवर पडली, निम्मी फरशीवर. खुब्याचा चुरा झाला.

पिक्चर धो-धो चालला. दिग्दर्शक दवाखान्यात फुलं घेऊन आला. त्याला सगळे साहेब म्हणत. साहेब तिच्या उशाशी बसून हळू आवाजात म्हणाला, “तुझ्या भावानं एक ओळ कमी लावली गं. थोडी घेतलेली असावी त्यानं. मी कुठे बोलणार नाही. गरिबाच्या पोटावर पाय द्यायला मला आवडत नाही.”

दादा कधीमधी घ्यायचा, हे खरंच होतं. म्हणून ते बोलणं तिच्या मनात रुतलं. संध्याकाळी तो आला तेव्हा खोलीत सगळी स्टंटवाली मंडळी होती. भिंगरीनं सगळ्यांदेखत त्याला म्हटलं, “पिऊन बहिणीचं मरण रचलंस. तोंड दाखवू नकोस मला.” तो ओरडला, शपथा घेतल्या, भिंतीवर मूठ आपटली. तिनं मान फिरवली. त्यानंतर दोघं एकदाच एका छपराखाली आली, आई गेली तेव्हा. तेव्हाही तो दारात आणि ही माजघरात.

दादाला पुढे कुणी काम दिलं नाही. ज्याच्या खोक्यांवर सख्खी बहीण भरवसा ठेवत नाही, त्याच्यावर परका कसा ठेवणार?

तर थेटरातल्या त्या भांडणानंतर थोड्याच दिवसांनी भिंगरीला फोन आला. त्या जुन्या पिक्चरची प्रत साफसूफ करून नव्यानं काढली होती आणि एका रविवारी सकाळी ती दाखवणार होते. नंतर मंचावर वादाचा कार्यक्रम, ‘जुनं खणखणीत की नवं चकचकीत?’ जुन्याच्या बाजूनं साहेब, नव्याच्या बाजूनं त्या झगेवाल्याचा दिग्दर्शक. आणि भिंगरीताईंनी पहिल्या रांगेत बसावं, अशी खुद्द साहेबांची इच्छा.

भिंगरी हरखली. इतकी वर्षं ती उडी हिरॉईनचीच म्हणून सांगितली गेली होती. आता लोकांना नव्या सिनेमांचा कंटाळा यायला लागला, तशी ‘खऱ्या’ उड्यांची आठवण निघाली आणि खऱ्या माणसांचीही. ठेवणीतली साडी काढून ती लेकीला म्हणाली, “चल तूही. तुझ्या त्या झगेवाल्यांची कशी जिरते ते बघ.”

सभागृह खच्चून भरलं होतं. पिक्चर सुरू झाला आणि भिंगरीच्या अंगावर काटा आला. ती आग, तो धूर. कुणाच्या अंगावरचा घाम रंगवावा लागला नव्हता. मग उडी आली. साडी हवेत फिरली आणि पाठोपाठ ती किंकाळी. त्या किंकाळीवर पूर्वीही शिट्ट्या पडायच्या, आजही पडल्या. भिंगरीनं लेकीच्या हातावर हात दाबला. “बघ. याला म्हणतात पडणं.”

लेकीनं बघितलं नाही. तिनं डोळे मिटून घेतले होते.

मंचावर खुर्च्या मांडल्या गेल्या. साहेब पांढरी दाढी कुरवाळत, गळ्यातला रेशमी रुमाल सारखा करत बसला. दुसऱ्या खुर्चीत तो नवा, पोरगेलासा, चष्मेवाला. निवेदिकेनं त्याला विचारलं, तर बिचारा म्हणाला, आमच्या सिनेमात कल्पनेला मर्यादा नाही, आणि शूटिंगमध्ये कुणाला इजाही झाली नाही. मागून कुणीतरी ओरडलं, “म्हणून तर मजा येत नाही!” सगळे हसले. भिंगरीही हसली, पोट धरून.

मग साहेबानं माईक घेतला.

“इजा!” तो म्हणाला. “अहो, इजेशिवाय कला असते का? ही मुलं हिरव्या पडद्यापुढे उभी राहून हवेत हात मारतात. आम्ही जिवावर उदार होतो. आता हीच उडी बघा. एक गंमत सांगतो, आजवर कुणाला सांगितली नाही. सूर्य उतरत होता, एकच शॉट मिळणार होता, आणि मी कॅमेऱ्यातून बघतोय तर काय, डावीकडे खोक्यांची कड दिसतेय! सगळा परिणाम मातीत. आता त्या खोकीवाल्याला सांगावं तर तो हलू देणार नाही. बहिणीचा जीव ना! मग मी त्याला म्हटलं, वर जा आणि ते कापडी मूल बांधलेला तिचा पट्टा एकदा तपासून ये. तो गेला वर आणि इकडे लाईटच्या पोरांकडून मी डावीकडची खोकी ओढून घेतली. वर ताडपत्री नीट पसरून दिली. खाली आल्यावर त्याला परत उडी मारून बघायला वेळच दिला नाही. म्हटलं, प्रकाश चाललाय, हलव हात!”

लोक खदखदून हसले.

“आणि ती किंकाळी ऐकलीत ना? मागून भरलेली नाही ती. खरी आहे! शंभर टक्के खरी! आणा म्हणावं असली किंकाळी तुमच्या कॉम्प्युटरमधून!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबानं कौतुकानं पहिल्या रांगेकडे हात केला, “आणि ती किंकाळी देणारी आज इथे बसलीय!”

भिंगरीला टाळ्या ऐकू येत नव्हत्या. तळपायाची आग मस्तकात गेली, असं आपण सहज म्हणतो, पण तिची आग खुब्यात अडकली. लोखंडापाशी. ती उठली. लेकीनं कोपर धरलं ते तिनं झटकलं. मंचाच्या पायऱ्या ती काठी टेकत चढली, तेव्हा लोकांना वाटलं सत्कार आहे, म्हणून टाळ्या आणखी वाढल्या.

“साहेब,” माईक तिच्या हातात दिला गेला तेव्हा ती म्हणाली, “दादाला ठाऊक नव्हतं?”

“त्याला कसं ठाऊक असणार? म्हणून तर वर पाठवला त्याला!” साहेब अजून हसतच होता.

“मग दवाखान्यात माझ्या उशाशी बसून काय म्हणालात? त्यानं ओळ कमी लावली म्हणालात. प्यायला होता म्हणालात. गरिबाच्या पोटावर पाय द्यायला आवडत नाही म्हणालात!”

साहेबाचं हसू ओठांवरच वाळलं. “अगं, इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतंय? आणि पिक्चर चालला ना शेवटी?”

“पिक्चर चालला!” भिंगरीनं काठी टेबलावर अशी हाणली की पाण्याचा पेला उडून साहेबाच्या मांडीवर सांडला. “मी चालले नाही ना सहा महिने! माझी हाडं खाल्लीत ती खाल्लीत, ती मी हौसेनं पुढे केली होती. माझा भाऊ कुणाला विचारून खाल्लात?”

मग निवेदिका टुणकन पुढे आली. “बघितलंत? या वयातही तोच जोश, तीच आग! ही होती आपली जुनी माणसं! एकदा उभं राहून टाळ्या होऊन जाऊ दे!”

आणि लोक खरोखर उभे राहिले. शिट्ट्या वाजल्या. भिंगरी ओरडत होती, “अरे थांबा, नाटक नाही हे!” पण माईक तिच्या हातातून गेला होता आणि तिचा आवाज टाळ्यांखाली बुडाला. तो चष्मेवाला तेवढा उठला, दुसरा माईक ओढून म्हणाला, “टाळ्या थांबवा. बाई खरं बोलतायत. हा गुन्हा आहे.” त्याच्यावर मागून कुणीतरी कागदाचा बोळा फेकला. “बस खाली, झगेवाल्या! तुला काय कळतंय खऱ्यातलं!”

बाहेर आल्यावर लेक आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आईनं रडावं अशी तिची अपेक्षा असावी, कारण तिनं रुमाल काढून ठेवला होता. भिंगरी म्हणाली, “रुमाल ठेव आत. गाडी बोलव. तुझ्या मामाकडे जायचंय.”

“पत्ता माहितीय तुला?”

“मला माहीत नाही. तुला माहितीय. तू त्याला भेटतेस ते मला कळत नाही असं वाटतं का?”

लेकीनं मान खाली घातली आणि गाडी बोलावली.

दादाचं दुकान म्हणजे रस्त्यालगतचा एक लांबट गाळा. मोटारींच्या सीटा शिवायचं काम. भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे उभे, खाली फोमच्या वड्या, हवेत सरसाचा उग्र वास. दादा जाड दोऱ्याच्या मशीनवर वाकला होता. केस पिकून कापूस झालेले, पण पाठ तशीच रुंद. भिंगरीला दारात बघून त्यानं मशीन थांबवलं नाही. शिवण पूर्ण केली, दोरा तोडला, मग चष्मा कपाळावर सरकवला.

“भाचीला पाठवायचं. तू कशाला आलीस?”

“दादा, मला कळलं. साहेबानंच खोकी ओढली होती. आज सगळ्यांसमोर बोलला तो स्वतःच्या तोंडानं.”

ती थांबली. तिला वाटलं होतं, हे ऐकून त्याच्या हातातून कात्री गळून पडेल. तो खाली बसेल. निदान एकदा मोठ्यानं श्वास सोडेल.

दादानं सीटची सुरकुती तळव्यानं सरळ केली. “मला बातमी द्यायला आलीस? माझ्याकडे ही बातमी शिळी आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्याच दिवशी बघितलं होतं मी. तुला उचलून नेल्यावर ताडपत्री वर केली. धुळीत ओढल्याच्या खुणा होत्या, आणि माझी खोकी लाईटच्या गाडीमागे लपवलेली. माझ्या हातानं रचलेली खोकी, भिंगरे! मी ओळखणार नाही?”

“मग तू बोलला का नाहीस?” तिचा आवाज चढला. “इतकी वर्षं मूग गिळून बसलास?”

आता दादा उठला. “बोललो नाही? तुझ्या उशाशी उभा राहून घसा फुटेपर्यंत ओरडलो! त्यानं ओढली, त्यानं ओढली म्हणून सांगत होतो! तू काय केलंस? भिंतीकडे तोंड केलंस. साहेबाची फुलं तुझ्या उशाशी होती आणि मी तुझ्या पायाशी. तू फुलांचं ऐकलंस.”

लेक दारातच उभी होती. तिला ही दोघं अशी बोलताना कधी दिसलीच नव्हती.

“तो एवढा मोठा माणूस—” भिंगरी म्हणाली आणि तिथेच अडकली.

“हां. तो मोठा आणि मी तुझा भाऊ. घेतलेली होती का मी त्या दिवशी? एकदा जवळ येऊन वास तरी घ्यायचास. माझी बायको गेली बघ, तिला शेवटपर्यंत लोक विचारायचे, तुझ्या नवऱ्यानं बहिणीला पाडलं ना? ती कुणाकुणाला समजावणार होती? आणि आज तू येतेस, का, तर साहेब बोलला! म्हणजे आजही त्याच्याच तोंडून आल्यावर तुला खरं वाटलं. माझ्या तोंडचं तेच वाक्य तेव्हा खोटं होतं.”

जी बाई सभागृहात टेबल हाणून आली होती ती फोमच्या वडीवर मटकन बसली. राग होताच, पण आता तो कुणावर काढायचा हे कळेना, आणि त्यानं तिचा जीव आणखीनच जळायला लागला.

“काय करू सांग,” ती शेवटी गुरकावली. “पाया पडू?”

“पाया पडून काय होणार? चार लोकांत मला बेइमान म्हणालीस. चार लोकांत परत घे.”

स्टंटवाल्यांच्या संघटनेची जागा एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. मोठं दालन, जमिनीवर चटया, छताला दोर, एका बाजूला खोक्यांची चळत. दोन दिवसांनी भिंगरी तिथे गेली. लेक बरोबर होती. दादा येणार नाही म्हणाला होता, पण ती पोचली तेव्हा तो मागच्या भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून.

जुने पाच-सात जण आले होते, बाकी सगळी तरणी पोरंपोरी. भिंगरीनं घसा साफ केला नाही की प्रस्तावना केली नाही. “दवाखान्यात मी माझ्या भावाला दारुडा म्हटलं होतं,” ती म्हणाली. “तुमच्यातले काही तिथे होते. मी खोटं बोलले. त्याची खोकी बरोबर होती. साहेबानं ती ओढली, मला न सांगता, दादाला न सांगता, आणि नंतर दोष त्याच्या गळ्यात घातला. मी मूर्खासारखा तो घालू दिला. हे आता जिथे जिथे माझं ते जुनं बोलणं पोचलंय तिथे तिथे पोचवा.”

संघटनेचा प्रमुख, त्याला सगळे मास्तर म्हणत, कानामागे खाजवू लागला. साहेब पुन्हा नवा पिक्चर काढणार होता, ‘सगळं खरं, कॉम्प्युटर नाही’ असा गाजावाजा करत, आणि त्याचं काम मास्तरनं घेतलं होतं. “ताई, झालं ते वाईट झालं,” तो म्हणाला. “पण काळच तसा होता. आता जुनी मढी उकरून काय उपयोग?”

“मढी?” भिंगरी कडाडली. “मी जिवंत आहे, तो भिंतीशी उभा आहे तो जिवंत आहे, आणि साहेब परवाच्या कार्यक्रमात हसून सांगत होता. मढं कोण आहे यात?”

चटईवर बसलेली एक मुलगी उठली. मजबूत खांद्यांची, केस बारीक कापलेले. “त्यांच्या पिक्चरमध्ये पुलावरची उडी मीच मारणार आहे,” ती म्हणाली. मग थोडं अडखळत, “ताई, आम्हाला खरं तर जुन्यासारखंच करायचं असतं. हल्ली नुसतं दोराला लटकवतात, चेहरा पुसून दुसरा लावतात. तुमचे ते पिक्चर बघून मी या धंद्यात आले. ते चांगलेच होते ना?”

भिंगरी तिच्याकडे बघत राहिली. तिला एकदम त्या पोरीचा खुबा दिसला, साबूत, घट्ट, अजून काही न झालेला.

“चांगलेच होते,” ती म्हणाली. “म्हणून तर चीड येते गं. माझी लेक त्या झगेवाल्यांच्या उड्या बनवते, त्या मला आजही भिकार वाटतात. माझी उडी आजही बघून घे, तिच्यापुढे यांचं सगळं पाणी आहे. पण माझी उडी चांगली होती ती माझ्यामुळे. खोकी ओढल्यामुळे नाही. तो माणूस लोकांना सांगतो की खोकी ओढली म्हणून पिक्चर चांगला झाला, आणि लोक टाळ्या वाजवतात. तू उडी मार. पण खाली काय आहे हे आपल्या माणसाकडून कळल्याशिवाय मारू नकोस, आणि त्या साहेबासाठी तर मारूच नकोस.”

मुलगी मास्तरकडे वळली. “साहेबांनी माफी मागितल्याशिवाय मी नाही मारणार.”

“अगं, करार झालाय—”

“मग दुसरी बघा.”

मास्तरनं इकडेतिकडे पाहिलं. दुसरी कुणी पुढे येईना. पोरंही चटईकडे बघत बसली. शेवटी नाइलाजानं त्यानं साहेबाला फोन लावला आणि सगळ्यांनी ऐकावं म्हणून आवाज मोठा केला. अडचण चाचरत सांगितली. आमची माणसं म्हणतायत, तुम्ही त्या खोक्यांच्या प्रकरणाची माफी मागावी.

पलीकडून साहेब हसला. “माफी? त्या लंगडीची? राहू द्या मास्तर. तुमच्या माणसांवाचून माझं काय अडलंय? हल्ली सगळं कॉम्प्युटरवर होतं. दोन दिवसांत उडी करून देतात पोरं.”

फोन बंद झाला. मग लेकीच्या तोंडून इतक्या जोरात शिवी गेली की जुनी खोडं दचकली. भिंगरीनं लेकीकडे बघितलं. या पोरीला शिव्या येतात हे तिला माहीत नव्हतं.

“दोन दिवसांत!” लेक ओरडत होती. “दोन दिवसांत उडी! आम्ही काय भाजी चिरतो का तिथे?”

निघताना मास्तरनं दादाला चहा विचारला. दादा नको म्हणाला. जुन्यांपैकी एकजण पुढे होऊन त्याचा हात हातात घेऊन नुसता उभा राहिला. दादानं तो हात सोडवून घेतला, पण थोडा वेळ जाऊ दिला.

जिना अंधारा आणि उभा होता. लेक गाडी बघायला पुढे गेली. भिंगरी कठडा धरून एक-एक पायरी उतरू लागली. दादा तिच्यापुढे चालला होता. त्यानं हात दिला नाही. पण वळणावर तो थांबला आणि ती येईपर्यंत भिंतीकडे बघत उभा राहिला.

“माझा राग गेलेला नाही,” तो म्हणाला.

“माझाही नाही.”

“तुझा कुणावर?”

“सगळ्यांवर. साहेबावर, मास्तरवर, त्या टाळ्या वाजवणाऱ्यांवर. तुझ्यावरसुद्धा. एकदा येऊन माझ्या थोबाडीत मारून का नाही सांगितलंस? मी ऐकलं असतं.”

“नसतं ऐकलंस.”

भिंगरीनं विचार केला. खुबा ठणकत होता. “नसतं ऐकलं,” ती म्हणाली. “पण मारायची तरी होतीस.”

“उद्या दुकानात ये,” दादा खालच्या पायरीकडे वळत म्हणाला. “सकाळी गिऱ्हाईक नसतं. तेव्हा मारतो.”